फेरी बंद नको, फेरीला काम हवं

थंडी पडली की स्थलांतरित बदकांच्या पाठोपाठ हा वादही येतो. पाणथळीच्या काठावर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या साठ-सत्तर माणसांचा फोटो कोणीतरी टाकतं आणि विचारतं, ही निसर्गफेरी की जत्रा? लगेच एक बाजू म्हणते, सामान्यांसाठीच्या या फेऱ्या बंद करा, पक्ष्यांना जगू द्या, ज्यांचा अभ्यास आहे तेवढेच जाऊ देत. दुसरी बाजू कळवळून सांगते की लोकांनी पाहिलंच नाही तर त्यांना ओढ वाटणार कशी, आणि ओढ वाटली नाही तर उद्या वाचवायला येणार कोण? मग चाळीस माणसं चालतील की पंधराच, यावर घासाघीस होते, दोन्हीकडचे लोक दमतात आणि पुढच्या थंडीपर्यंत सगळं शांत. मला या डोकी मोजण्याचा कंटाळा आला आहे. माणसं किती होती हे सगळे विचारतात. ती तिथे काय करायला गेली होती, हे कोणीच कसं विचारत नाही?

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. हिवाळ्यातल्या निसर्गफेऱ्या चालू राहाव्यात आणि सगळ्यांना खुल्या असाव्यात. पण त्यांचं आजचं रूप मोडायला हवं. दूरच्या एखाद्या 'हमखास' जागी वर्षातून एकदा जायचं, जास्तीत जास्त जाती पदरात पाडून घ्यायच्या, फोटो काढायचे आणि परतायचं, हे आता पुरे. फेरी जवळच्या जागी असावी, त्याच जागी पुन्हा पुन्हा व्हावी, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काही काम असावं: मोजण्याचं, टिपण्याचं, ओल्या मातीतले नाहीतर बर्फातले ठसे पाहून कोण कुठून कुठे गेलं हे नोंदवण्याचं. ज्या फेरीत एवढंही काम नाही ती बंद झाली, तर मी तिच्यासाठी भांडणार नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन रानात जायची रीत होती. दोन गट पाडायचे, दिवसभर दिसेल ते पाखरू-जनावर टिपायचं, संध्याकाळी ज्यांचा ढीग मोठा ते जिंकले. पाहायला गेलं तर तीही हिवाळ्यातली सामुदायिक निसर्गफेरीच. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञाला ती खुपत होती. हा माणूस मुळात मोजणारा. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून त्याने बायकांच्या टोप्यांवर खोचलेले पक्षी मोजले होते आणि त्याला तब्बल ४० जाती सापडल्या होत्या. (पक्षीनिरीक्षणाची इतकी उदास फेरी दुसरी झाली नसेल.) तर १९०० च्या नाताळात चॅपमनने काय केलं? लोकांना घरी बसा असं सांगितलं नाही. थंडीतल्या सुट्टीच्या दिवशी चार माणसांबरोबर रानात भटकण्याची हौस त्याने तशीच ठेवली. चुरसही ठेवली. बंदूक तेवढी काढून घेतली आणि जागी टिपणवही दिली. त्या दिवशी टोरांटोपासून कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत २५ ठिकाणी २७ माणसांनी मिळून सुमारे ९० जाती नोंदवल्या. ती गणना आजही दर वर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात होते, २४ किलोमीटर व्यासाची ठरलेली वर्तुळं आखून, वर्षानुवर्षं त्याच वर्तुळांत. तेव्हाही हौशींना बंदी घाला म्हणणारे असतीलच. ती बंदी घातली असती तर शंभर वर्षांहून लांबीची ही नोंद आज कोणाकडे असती?

आता विरोधकांचं म्हणणं घेऊ. त्यातलं पहिलं इतकं भक्कम आहे की फेऱ्यांच्या बाजूने बोलणारे ते टाळूनच पुढे जातात. हिवाळा हा प्राण्यांचा काटकसरीचा काळ. चिकडी नावाचा उत्तर अमेरिकेतला पक्षी जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा. कडाक्याच्या रात्री तो स्वतःच्या शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरवतो, दिवसभरात साठवलेली चरबी रात्रभर पुरवून पुरवून जाळतो आणि पहाट झाली की पुन्हा खायला धावतो. अशा जिवाला तुम्ही सकाळी दोनदा उडवलंत, तर त्याच्या जमाखर्चात ते लागतं. आल्प्समधला काळा ग्राउज, कोंबड्याच्या कुळातला पक्षी, थंडीत बर्फात बीळ करून पडून राहतो. वाट सोडून घसरत येणाऱ्या हौशी स्कीवाल्यांमुळे तो बिळातून उठतो; त्याच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं वाढलेली संशोधकांनी मोजली आहेत. वटवाघळांची गोष्ट तर याहून वाईट. शीतनिद्रेतलं वटवाघूळ एकदा जागं होतं, तेव्हा कित्येक दिवसांची चरबी उडवतं. २००६ पासून अमेरिकेत ज्या पांढऱ्या बुरशीने लाखो वटवाघळं मारली, ती बुरशी त्यांना ऐन हिवाळ्यात पुन्हा पुन्हा जागं करूनच मारते. आणि ती युरोपातून तिथे पोचली ती बहुधा माणसांच्याच कपड्या-सामानावरून.

हे सगळं मला मान्य आहे, अर्धवट नाही, पुरतं. गुहेतल्या झोपलेल्या वटवाघळांकडे लोकांना नेऊ नये. दहा माणसं नकोत, दोन नकोत, शांत बसणारी नकोत, अनुभवी नकोत. घुबड दिवसा कुठल्या झाडात बसतं ते कोणाला सांगू नये. बर्फातल्या बिळांजवळून वाट काढू नये. बंद म्हणजे बंद. पण या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट पाहा. त्रास झाला तो अचानक, आडवाटेने आणि नको तितक्या जवळ जाण्याने. हे दोष फेरीच्या आखणीतले आहेत, फेरीच्या कल्पनेतले नाहीत. उघड्या पाणथळीवर ठरलेल्या बांधावरून, ठरलेल्या अंतरावर, रांगेत चालणारी माणसं पक्ष्यांना लवकर ओळखीची होतात. उडण्याआधी पक्षी माणसाला किती जवळ येऊ देतो हे अंतर मोजता येतं, आणि ते मोजून वाट त्याच्या बाहेर आखता येते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली लांडगे परत आणून सोडले. तेव्हापासून हिवाळ्यात लोक तिथे रस्त्याच्या कडेला दुर्बिणी रोवून तासन् तास उभे असतात, लांडगे दूर दरीत आपल्या उद्योगात. म्हशीला दुखतंय म्हणून पखालीला औषध द्यायचं, तसं जवळ जाण्याच्या चुकीसाठी जाणंच बंद करणं झालं.

दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो, कारण तो माझ्याच बाजूच्या लोकांना लागू आहे. पाहिलं की ओढ वाटते आणि ओढ वाटली की माणूस वाचवतो, या साखळीला पुरावा काय? खरं सांगायचं तर फारसा नाही. त्याच यलोस्टोनमध्ये गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अस्वलं दाखवण्याचे कार्यक्रम होत. हॉटेलांचा खरकटा ओतायचा, समोर बाकांची गॅलरी बांधायची, संध्याकाळी शेकडो लोक येऊन बसत आणि अस्वलांची पंगत पाहत. त्या सगळ्यांनी अस्वल पाहिलं, आवडीने पाहिलं. शिकले काय? अस्वल कचरा खातं, आणि ते आपल्यासाठी येतं. अस्वलंही तेच शिकली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो खेळ थांबला, कचऱ्याचे ढीग बंद व्हायला मात्र १९७० उजाडलं. नुसतं 'दाखवणं' किती पोकळ असतं याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आणि दूर कशाला जायचं? काही वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत मीही होतो. चाळीसेक माणसं, पहाटेची थंडी, समोर पाण्यावर बदकांचा मोठा थवा. म्होरक्याने हसत हसत टाळ्या वाजवल्या, कारण उडतानाचे फोटो चांगले येतात. थवा उठला, सगळे खूश. मीही फोटो काढला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो. घरी येऊन तो मोठा करून पाहिला तर त्यात शंभरावर पक्षी होते. किती, कुठल्या जातीचे, किती वाजता, पाणी किती होतं, आदल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, यातलं काहीही चाळीस माणसांपैकी एकाकडेही लिहिलेलं नव्हतं. त्या बदकांची सकाळ आम्ही खर्च केली आणि बदल्यात काहीच नोंदवलं नाही. फेऱ्या बंद करा म्हणणाऱ्याने ही फेरी पाहिली असती, तर मी त्याला काय उत्तर देणार होतो?

म्हणूनच मी कामावर येतो. मोजायला सांगितलेला माणूस टाळ्या वाजवत नाही. ज्याला दोनशे बदकं मोजायची आहेत त्याला ती बसलेली हवी असतात, म्हणून तो मागे उभा राहतो, शेजाऱ्याला गप्प करतो, मुलाला हाताला धरून खाली बसवतो. शिस्तीवर व्याख्यान द्यावं लागत नाही. शिवाय काम दिलं की नजर बदलते. दुर्मीळ पाहुण्याच्या मागे धावणारी माणसं नेहमीच्या टिटवीकडे, वारकरी पक्ष्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मोजणाऱ्याला तेही मोजावे लागतात, आणि दहा मिनिटं मोजावे लागले की ते दिसायला लागतात: कोण कुणाला हुसकावतं, कोण डुबी मारतं, कोण नुसतं तरंगत झोपतं.

इथे तज्ज्ञांचा आक्षेप येतो की हौशींच्या नोंदी काय कामाच्या, त्यांना नर-मादी कळत नाही, एकच पक्षी ते तीनदा मोजतात. आक्षेप खरा आहे, पण जुना आहे, आणि त्यावर साधे उपाय कधीच निघाले आहेत. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये मुलांसाठी सुरू झालेली बागेतल्या पक्ष्यांची गणना घ्या. जानेवारीच्या शेवटी एक तास बसायचं आणि त्या तासात कुठल्याही एका क्षणी त्या जातीचे जास्तीत जास्त किती पक्षी एकदम दिसले, तेवढाच आकडा लिहायचा. तोच पक्षी पुन्हा पुन्हा आला तरी मोजणी फुगत नाही. नियम आठ वर्षांच्या पोराला कळतो. त्या पोरांनी आणि त्यांच्या आज्यांनी खिडकीत बसून लिहिलेल्या आकड्यांतून स्टार्लिंग आणि चिमण्यांची घसरण वर्षागणिक दिसत गेली. चुका होतातच. पण दर वर्षी साधारण त्याच चुका त्याच प्रमाणात होत असतील, तर खाली जाणारी रेघ खालीच जाते.

आणि तज्ज्ञ तरी एकटे कुठे पुरे पडले? भिंगऱ्या, म्हणजे स्वॅलो पक्षी, थंडीत कुठे जातात हा प्रश्न युरोपला शतकानुशतकं सुटत नव्हता. गिल्बर्ट व्हाइट हा अठराव्या शतकातला खेड्यातला पाद्री आयुष्यभर एकाच परिसरात फिरला. वटवट्या पक्ष्याच्या दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या तीन जाती त्याने मुख्यतः आवाजावरून वेगळ्या केल्या. इतका तीक्ष्ण कानाचा माणूस, पण भिंगऱ्या हिवाळ्यात तिथेच कुठेतरी दडून झोपत असाव्यात ही शंका त्यालाही सोडवेना. एका गावात राहून उत्तर मिळणार नव्हतं. ते मिळालं असं: १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन या शाळामास्तराने स्टार्लिंगच्या पायांत आकडे कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्या घालायला सुरुवात केली. पुढे १९११ मध्ये इंग्लंडमधल्या एका वकिलाने आपल्या घरी घरटं केलेल्या भिंगरीच्या पायात अशीच कडी घातली आणि १९१२ च्या डिसेंबरात ती भिंगरी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात एका शेतघरात सापडली. मास्तर, वकील, आणि तिसरा तो जवळच्या गावातला हॉटेलमालक, ज्याने कडीवरच्या पत्त्यावर लंडनला पत्र टाकलं. यातला प्राणीशास्त्राचा प्राध्यापक कोणता?

मग कोणी म्हणतं, आता कॅमेरे आहेत, उपग्रह आहेत, आवाज टिपणारी यंत्रं आहेत. माणसांना चिखलात न्यायचं कशाला? यंत्रांशी माझं भांडण नाही, गुहेतली वटवाघळं त्यांनीच मोजावीत. पण मोजलेल्या आकड्याचं पुढे काय होतं ते पाहा. १९७१ च्या रामसर कराराने पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवायला ज्या कसोट्या लावल्या जातात, त्यांतली एक म्हणजे तिथे नियमितपणे वीस हजार पाणपक्षी असणं, आणि दुसरी, एखाद्या जातीच्या त्या पट्ट्यातल्या एकूण संख्येचा एक टक्का तिथे असणं. हे आकडे येतात कुठून? मोठ्या प्रमाणावर जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेतून. आशियात ती १९८७ पासून चालू आहे, आणि ती करणारे बहुतांश स्वयंसेवक असतात. 'नियमितपणे' हा शब्द बारकाईने वाचा. एकदा जाऊन पंचवीस हजार बदकं पाहणारी सहल इथे कुचकामी. दर जानेवारीत त्याच बांधावर उभी राहणारी सात माणसं हवीत. आणि पाणथळीत भराव पडायला लागला, की सुनावणीला ती सात माणसं वह्या घेऊन हजर होतात. यंत्र हजर होत नाही.

बंदीवाल्यांनी एका जागेचा इतिहास आवर्जून वाचावा, आणि सगळं खुलं करा म्हणणाऱ्यांनीही. राजस्थानातली भरतपूरची पाणथळ. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोसाठी ठेवलेल्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आकडा दगडावर कोरून ठेवला आहे, अभिमानाने. हाही हिवाळी कार्यक्रमच. पुढे तिथे शिकार थांबली, राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात आसपासच्या गावांच्या म्हशींना आत बंदी झाली. चिघळलेल्या वादात गोळीबार झाला, माणसं मेली. हेतू पक्ष्यांच्या भल्याचा होता. झालं काय? म्हशी चरायच्या थांबल्या तसं पाण्यातलं गवत माजलं, उघडं पाणी आटत गेलं, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने दाखवून दिलं की म्हशी नसण्याने पक्ष्यांचं नुकसानच होत होतं. माणूस बाहेर काढला की निसर्ग आपोआप सावरतो हे गृहीत धरणाऱ्यांना तेव्हा त्या अभ्यासाची वाटही पाहवली नव्हती. त्याच भरतपूरची दुसरी गोष्ट मात्र मी फेऱ्या घेणाऱ्यांना नेहमी सांगतो: तिथले सायकलरिक्षा ओढणारे पक्ष्यांचे वाटाडे झाले. शेकडो जाती नावानिशी ओळखणारे, कुठल्या झाडावर कोण बसतं ते सांगणारे. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या माणसाला जे येतं, ते वर्षातून एकदा येणाऱ्याला कसं येणार?

'सर्वांसाठी खुली फेरी' हे शब्दही मला म्हणूनच तपासून पाहावेसे वाटतात. सगळ्यांना बोलावलं असलं तरी दुर्बीण कोणाकडे असते, सुट्टी कोणाला असते, पहाटे गाडी कोणाची निघते? ज्या तळ्यावर फेरी जाते त्याच्या काठावर मासे धरणारा, गुरं पाजणारा, गवत कापणारा माणूस फेरीत नसतो. तो फेरीकडे पाहत उभा असतो. त्याला कधी यायला सांगता, पाहुणा म्हणून की मोजणारा म्हणून? पाणी केव्हा उतरलं, पहिला थवा कधी आला, औंदा कोण आलंच नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. वही त्याच्या हातात द्यायला संकोच वाटत असेल, तर आपल्याला लोक हवे आहेत की प्रेक्षक, हे आधी ठरवावं.

एक अडचण मात्र माझ्या बाजूने खरोखरच अवघड आहे. कामाच्या फेरीत मजा कमी. तेच तळं, तीच बारा-पंधरा पाखरं, आणि कधीकधी काहीच नाही. जाहिरात तरी कशाची करणार, 'या, कदाचित काही दिसणार नाही'? आयोजक मग हमखास दिसणाऱ्या जागा शोधतात, आणि आपण पुन्हा टाळ्यांशी येऊन पोचतो. मला वाटतं, ही अडचण लपवून न ठेवता लोकांना तशीच सांगावी, कारण कोऱ्या सकाळीचाही आकडा असतो. तो शून्य. आणि जो शून्य लिहायला कोणी गेलंच नाही, तो शून्य नंतर कुठूनही आणता येत नाही.

पहिल्या नाताळगणनेतलं ते पॅसिफिक ग्रोव्ह आठवतं? ते गाव हिवाळ्यात उतरणाऱ्या मोनार्क फुलपाखरांसाठी प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९९७ पासून स्वयंसेवक दर हिवाळ्यात झाडाझाडांखाली उभे राहून ती मोजतात; थंडीत पंख मिटून फांद्यांना लटकलेली असतात, त्यामुळे खालून, लांबून, न हलवता मोजता येतात. १९८० च्या दशकात तिथे लाखोंनी फुलपाखरं येत असत. २०२० च्या हिवाळ्यात सगळ्या ठिकाणांची मिळून १,९१४ भरली, आणि खुद्द पॅसिफिक ग्रोव्हच्या राखीव झाडीत एकही नव्हतं. तरी माणसं गेली, रिकाम्या फांद्यांकडे माना वर करून पाहत राहिली, आणि शून्य लिहून आली. पुढच्या वर्षी किनाऱ्यावर २,४७,२३७ मोजली गेली. २०२४ मध्ये पुन्हा ९,११९. हे असं खालीवर का होतं, यावर अभ्यासक अजून वाद घालत आहेत. आणि तो वाद घालता येतो तो रिकाम्या झाडाखाली गेलेल्या त्या माणसांच्या वह्यांवर बोट ठेवूनच.